बुजऱ्या कुत्र्याची माणसांशी ओळख

घरी आणलेला कुत्रा पलंगाखालून बाहेर यायला तयार नाही. बेल वाजली की जागच्या जागी लघवी करतो. घरातल्या एका माणसाच्या पायात पायात घुटमळतो आणि दुसऱ्याला पाहताच भिंतीला चिकटतो. कुत्रा दत्तक घेणाऱ्या घरांतून ही तक्रार सतत ऐकू येते आणि तिच्यावरचे सल्लेही ठरलेले असतात. वेळ द्या, आपोआप सुधारेल. पाहुण्यांना स्वतःच्या हाताने बिस्किट भरवायला सांगा. घाबरला की जवळ घेऊ नका, आणखी भित्रा होईल. गर्दीत फिरवा, भीड चेपेल. यांतला पहिला सल्ला अर्धा खरा आहे आणि उरलेले तीन नुकसान करणारे आहेत. असे म्हणायला आधार आहे. कुत्र्याला वाटणारी माणसांची भीती गेली साठ-पासष्ट वर्षे प्रयोगशाळांत, निवाऱ्यांत आणि अलीकडे आपल्या रस्त्यांवरही अभ्यासली गेली आहे. या साऱ्या कामातून मला एक गोष्ट ठळकपणे दिसते. भित्र्या कुत्र्याला माणसाजवळ नेल्याने त्याची भीती जात नाही. माणसापासून किती लांब राहायचे हे त्याचे त्याला ठरवता आले, की तो आपणहून जवळ येऊ लागतो.

आधी ही भीती येते कुठून ते पाहू. अमेरिकेच्या मेन राज्यात बार हार्बर इथे जॅक्सन प्रयोगशाळा आहे. तिथे जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी कुत्र्यांच्या पाच जातींवर दीर्घकाळ काम केले आणि १९६५ मध्ये ते ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. त्याच प्रयोगशाळेत फ्रीडमन, किंग आणि इलियट या तिघांनी केलेला, १९६१ मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोग या विषयाचा पाया मानला जातो. उंच फळ्यांच्या कुंपणाआड, मोकळ्या आवारांत पिल्ले वाढवली गेली. त्यांना माणूस दिसू नये अशा रीतीने अन्नपाणी दिले जाई. मग काही पिल्लांना वयाच्या दुसऱ्या आठवड्यात, काहींना तिसऱ्या, पाचव्या, सातव्या किंवा नवव्या आठवड्यात एकेक आठवडा माणसांच्या सहवासात आणले. काही पिल्लांना चौदा आठवड्यांपर्यंत माणूस भेटलाच नाही. पाचव्या ते नवव्या आठवड्याच्या सुमारास भेटलेली पिल्ले माणसांत सहज रुळली. चौदा आठवडे माणसांविना राहिलेली पिल्ले मात्र रानातल्या जनावरासारखी दूर पळत. त्यांतल्या एकाला पुढे बराच काळ कुरवाळले, खेळवले, तरी फारच थोडा फरक पडला. साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंतच्या टप्प्याला समाजीकरणाचा काळ म्हणतात, ते या कामामुळे.

हा काळ उलटला म्हणजे सारे संपले असे मात्र नाही. शिकण्याची शक्ती जात नाही. जे आधी काही दिवसांत साधले असते त्याला नंतर महिने लागतात, आणि शिकवणाऱ्याची चूक अधिक महाग पडते, एवढाच त्याचा अर्थ.

आपल्याकडे या काळाची गाठ लसीकरणाशी पडते. पार्व्हो हा आजार पिल्लांना खरोखर मारतो. म्हणून लसी पूर्ण होईपर्यंत, म्हणजे जवळजवळ चार महिन्यांचे होईपर्यंत, पिल्लाला घराबाहेर काढू नका असे अनेकदा सांगितले जाते. तेवढ्यात नेमका तो काळ संपतो. अमेरिकेतल्या पशुवर्तनतज्ज्ञ डॉक्टरांच्या संघटनेने २००८ मध्येच भूमिका मांडली, की पहिली लस टोचून आठवडाभर झाला की पिल्लाला माणसे, आवाज, वस्तू यांची ओळख करून द्यायला सुरुवात करावी, कारण पुढे वर्तनाच्या बिघाडामुळे जीव गमावणारे कुत्रेही खूप असतात. इथल्या गल्ल्यांत रोगाचा धोका जास्त आहे, हे खरे. पण पिल्लाला खाली न सोडता कडेवर घेऊन फाटकापाशी उभे राहता येते, पिशवीत बसवून जिना आणि लिफ्ट दाखवता येते, चपला बाहेर काढून आलेली वेगवेगळ्या वयांची, दाढीवाली, टोपीवाली, काठी टेकत चालणारी माणसे घरी बोलावता येतात. २०२० च्या टाळेबंदीत आणलेल्या पिल्लांना हेच मिळाले नाही. त्यांच्या लहानपणी दारात कुणी येतच नव्हते.

दुसरे मूळ रक्तात असते, आणि ते मान्य करायला माणसांना जड जाते. भित्रा कुत्रा दिसला की याला कुणीतरी नक्की मारले असणार, असे आपण धरून चालतो. कधी ते खरे असते, पण नेहमी नाही. अमेरिकेतल्या आर्कान्सा विद्यापीठात पॉइंटर जातीच्या कुत्र्यांच्या दोन शाखा पिढ्यान्‌पिढ्या वेगळ्या जोपासल्या गेल्या, एक शांत आणि एक भित्री. भित्र्या शाखेतली पिल्ले माणूस समोर आला की ताठ होऊन थिजत. त्यांना कुणी इजा केलेली नव्हती. रशियात नोव्होसिबिर्स्क इथे दिमित्री बेल्यायेव यांनी १९५९ मध्ये कोल्ह्यांवर सुरू केलेला प्रयोग याच्या उलट दिशेचा. माणसाला कमी घाबरणारे कोल्हे तेवढे निवडत गेल्यावर थोड्याच पिढ्यांत शेपटी हलवत माणसाकडे येणारे कोल्हे जन्माला आले. आपल्या मराठवाड्यात आणि सोलापूर-कर्नाटक सीमेवर सांभाळले जाणारे कारवान शिकारी कुत्रे मालकावर जीव टाकतात, पण परक्याचा हात अंगाला लावून घेत नाहीत. तो त्यांचा स्वभाव आहे, आजार नव्हे. अशा कुत्र्याला शहरातल्या सदनिकेत आणून प्रत्येक पाहुण्याच्या मांडीवर बसायला लावणे हा त्याच्यावर अन्याय आहे.

फिनलंडमध्ये हेलसिंकी विद्यापीठात हानेस लोही यांच्या गटाने हजारो पाळीव कुत्र्यांची माहिती मालकांकडून गोळा केली. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या एका पाहणीत सुमारे १३,७०० कुत्रे होते आणि त्यांतल्या २९ टक्क्यांमध्ये भीती आढळली. दुसऱ्या अभ्यासात, लहानपणी माणसांत कमी मिसळलेले, कमी हालचाल असणारे आणि शहरात राहणारे कुत्रे परक्या माणसांना अधिक घाबरतात असे दिसले. शहरात माणसे भरपूर, मग भीती कमी का नाही? माझ्या मते याचे कारण असे, की शहरात माणूस अंगावर येतो आणि कुत्र्याला बाजूला व्हायला जागाच नसते. गावातला कुत्रा ओट्यावरून उठून शेताच्या बांधावर जाऊन बसू शकतो. पट्ट्याला बांधलेला कुत्रा लिफ्टमध्ये चौघांच्या पायांत उभा असतो.

तिसरे मूळ अनुभवाचे. या बाबतीत भारतातली परिस्थिती परदेशी पुस्तकांहून इतकी वेगळी आहे, की तिच्यापाशी थांबायलाच हवे. कोलकात्याच्या आयसर संस्थेत अनिंदिता भद्रा यांचा गट रस्त्यावरच्या कुत्र्यांचा अभ्यास करतो. ९५ वेतांतल्या ३६४ पिल्लांवर त्यांनी लक्ष ठेवले. त्यांतली अवघी १९ टक्के सात महिन्यांपर्यंत जगली, आणि मेलेल्यांपैकी ६३ टक्क्यांच्या मृत्यूला माणूस कारण होता: वाहन, मारहाण, विषप्रयोग, उचलून नेणे. अशा जगात माणसाला घाबरणारे पिल्लू मूर्ख नसते. त्याने परिस्थिती बरोबर ओळखलेली असते. ‘हाड’ हा माणसाकडून त्याला मिळालेला पहिला शब्द असतो, आणि माणूस वाकला की दगड येतो हा पहिला धडा.

त्याच गटाचे दुसरे निष्कर्ष मात्र मन हलवणारे आहेत. बोटाने दाखवलेल्या भांड्याकडे रस्त्यावरचे कुत्रे जातात का, हे त्यांनी तपासले. जवळपास निम्मे कुत्रे भीतीमुळे प्रयोगात आलेच नाहीत. जे आले, त्यांतल्या सुमारे ८० टक्क्यांनी अनोळखी माणसाचे बोट समजून घेतले. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आणखी एका प्रयोगात अनोळखी माणसाने काही कुत्र्यांना वारंवार खाऊ दिला आणि काहींना वारंवार कुरवाळले. काही दिवसांनी विश्वास अधिक बसला तो कुरवाळणाऱ्यावर. म्हणजे माणसाची ओढ या कुत्र्यांमध्ये आहे. भीती तिच्यावर येऊन बसलेली असते. ती ओढ शाबूत आहे म्हणूनच पुढचे सारे प्रयत्न करण्यात अर्थ आहे.

पण प्रयत्न करण्याआधी कुत्रा काय सांगतो आहे ते वाचता आले पाहिजे. शेपूट पायांत गेली, कान मागे पडले, अंग थरथरले, की कुणालाही कळते. त्याच्या आधीच्या खुणा निसटतात. तोंडासमोर खाणे नसताना ओठांवरून जीभ फिरवणे, झोप आलेली नसताना जांभई देणे, मान वळवून डोळ्याच्या कडेने पाहणे, पुढचा एक पंजा उचलून थांबणे, एकाएकी जमीन हुंगू लागणे. नॉर्वेच्या प्रशिक्षक टुरिड रुगास यांनी या खुणांकडे जगभरच्या कुत्रेपाळकांचे लक्ष वेधले. या खुणा समोरच्याला शांत करण्यासाठीच असतात हे त्यांचे म्हणणे सगळे अभ्यासक मान्य करत नाहीत. मात्र कुत्रा अस्वस्थ आहे हे त्या सांगतात, आणि आपल्याला तेवढे पुरेसे आहे. सर्वांत फसवी खूण म्हणजे काहीच न करणे. दगडासारखा बसून राहिलेला, हात लावून घेणारा कुत्रा ‘किती शांत आहे’ म्हणून कौतुकाचा विषय होतो. अनेकदा तो भीतीने गोठलेला असतो. मार्टिन सेलिग्मन आणि स्टीव्हन मायर यांनी १९६७ मध्ये पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठात दाखवून दिले होते, की सुटका नसलेला त्रास पुन्हा पुन्हा भोगलेले कुत्रे पुढे सुटकेची वाट मोकळी असतानाही पडून राहतात. तो प्रयोग क्रूर होता, आज तो कुणी करू देणार नाही. पण गर्दीत नेऊन भीती मोडण्याचा जो सल्ला दिला जातो, त्याचा शेवट कुठे होतो हे त्याने कायमचे नोंदवून ठेवले आहे. कुत्रा पळायचे थांबला म्हणजे धीट झाला असे नव्हे. त्याने आशा सोडलेली असते.

खाण्याची खूण फार उपयोगी आहे. घरात चिकनच्या तुकड्यावर झडप घालणारा कुत्रा बाहेर तोच तुकडा नाकारत असेल, तर त्याला भूक नाही असे नसते. तो इतका घाबरलेला असतो, की त्या क्षणी काही शिकण्याच्या अवस्थेत नसतो. तिथून मागे फिरायचे.

आता उपायांकडे. ज्या पद्धतीवर आज बहुतेक तज्ज्ञांचे एकमत आहे ती मुळात कुत्र्यांसाठी शोधलेली नव्हती. १९२४ मध्ये मेरी कव्हर जोन्स या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बाईंनी पीटर नावाच्या लहान मुलाची सशाची भीती घालवली. मुलगा आवडीचा खाऊ खात असताना ससा लांब ठेवायचा आणि मुलगा स्वस्थ राहील तेवढाच हळूहळू जवळ आणायचा. पुढे जोसेफ वोल्पे यांनी १९५८ मध्ये याला शास्त्रशुद्ध उपचाराचे रूप दिले. दोन गोष्टी एकत्र येतात. भीतीचे कारण कुत्र्याला सहन होईल इतके सौम्य ठेवायचे, आणि ते दिसले की लगेच काहीतरी उत्तम घडवून आणायचे. सौम्य ठेवण्याचे सर्वांत सोपे साधन म्हणजे अंतर. रस्त्यापलीकडे माणूस उभा आहे, कुत्र्याने त्याला पाहिले, अंग अजून सैल आहे: त्याच वेळी उकडलेल्या चिकनचा किंवा पनीरचा तुकडा. माणूस गेला, खाऊ बंद. क्रम महत्त्वाचा आहे. आधी माणूस दिसायला हवा, मग खाऊ. उलटे केले तर कुत्रा खाऊलाच धोक्याची सूचना समजू लागतो, आणि पिशवी उघडली की दचकतो. हे मी पुष्कळ घरांत पाहिले आहे.

पाहुण्याच्या हातून बिस्किट देण्याचा सल्ला इथेच चुकतो. हेतू चांगला असतो. पण खाऊच्या ओढीने भित्रा कुत्रा मागचे पाय मागे ठेवून मान लांब करतो, तुकडा तोंडात घेतो, आणि तुकडा संपताच त्याला कळते की आपण एका परक्याच्या हाताच्या टप्प्यात आहोत. दचकून चावण्याचे प्रसंग नेमके या क्षणी घडतात. अमेरिकी प्रशिक्षक सुझॅन क्लोदियर यांनी रूढ केलेली रीत याहून कितीतरी शहाणपणाची आहे. पाहुण्याने कुत्र्याकडे न पाहता, तिरके बसून, खाऊ कुत्र्याच्या मागे टाकायचा. खाण्यासाठी त्याला पाहुण्यापासून दूर जावे लागते, म्हणजे खाऊ मिळतो आणि सुटकाही मिळते. मग तो स्वतः वळून एक पाऊल पुढे येतो. पुन्हा खाऊ मागे. जवळ येण्याचा दबाव कुठेच नसतो आणि म्हणूनच तो जवळ येतो. लेस्ली मॅकडेव्हिट यांच्या २००७ मधल्या पुस्तकातला खेळही याच जातीचा आहे: कुत्र्याने घाबरवणाऱ्या गोष्टीकडे पाहिले की शाबासकी आणि खाऊ, मग तो मालकाकडे वळून पाहू लागतो. भीतीचे कारण त्याच्यासाठी एक ओळखीचे काम होऊन बसते.

स्पर्शाचा नियम सोपा आहे. डोक्यावरून हात आणायचा नाही. छातीला किंवा हनुवटीखाली दोन-तीन क्षण खाजवायचे आणि हात काढून घ्यायचा. कुत्रा अंग पुढे टेकवतो का, की मान फिरवतो, हे पाहायचे. त्याने मागितले तर पुन्हा. हे रोज पाळणाऱ्या घरात कुत्रा काही आठवड्यांत वेगळा दिसू लागतो, कारण नको म्हटले की माणूस ऐकतो हे त्याला कळलेले असते.

घाबरलेल्या कुत्र्याला जवळ घेतल्याने भीती वाढते, ही समजूत आता सोडून द्यायला हवी. बक्षिसाने कृती वाढते. भीती ही कृती नव्हे, ती अवस्था आहे, आणि धीर दिल्याने ती वाढत नाही. अमेरिकी प्राणिवर्तनतज्ज्ञ पॅट्रिशिया मॅककॉनेल यांनी हे वारंवार आणि ठामपणे लिहिले आहे. अमेरिकेतच मायकेल हेनेसी यांच्या अभ्यासांत, निवाऱ्यात नव्याने आलेल्या कुत्र्यांच्या रक्तातले कॉर्टिसॉल हे ताणाचे संप्रेरक पहिले तीन दिवस फार चढलेले आढळले, आणि माणसाने शांतपणे कुरवाळल्यावर त्याची वाढ कमी राहिली. दिवाळीत फटाक्यांना घाबरून कुत्रा मांडीत शिरला तर त्याला खुशाल शिरू द्यावे. एकच अट: तो आपणहून आलेला असावा.

दरारा दाखवण्याच्या पद्धतीबद्दल मला थोडे कठोर बोलायचे आहे, कारण आपल्या शहरांत ती अजून पैसे घेऊन शिकवली जाते. कुत्रा लांडग्याचा वंशज, कळपाचा म्होरक्या व्हा, गुरगुरला तर उताणा पाडून दाबून धरा. या कल्पनेचे मूळ रुडॉल्फ शेंकेल यांच्या १९४७ मधल्या, बंदिस्त जागेत कोंडलेल्या लांडग्यांच्या निरीक्षणात आहे. तिचा प्रसार ज्यांच्या १९७० मधल्या पुस्तकाने झाला त्या डेव्हिड मीच यांनीच १९९९ मध्ये रानातल्या लांडग्यांचा अभ्यास मांडून दाखवले, की कळप हे बहुधा आईबाप आणि त्यांच्या पिल्लांचे कुटुंब असते. मेगन हेरॉन आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये १४० मालकांची पाहणी केली. कुत्र्याला जबरदस्तीने उताणा पाडणाऱ्यांपैकी जवळजवळ तिसऱ्या हिश्शाने, आणि मारणाऱ्यांपैकी त्याहून अधिक मालकांनी, कुत्रा उलट अंगावर आल्याचे सांगितले. गुरगुरणे ही सूचना आहे. ती मारून बंद पाडली, तर पुढच्या वेळी सूचना न देता चावणारा कुत्रा घरात तयार होतो. लहान मुले असलेल्या घरात याची किंमत फार मोठी असते.

फार घाबरलेले कुत्रे खरोखर सुधारतात का? याला दोन मोठी उत्तरे मिळाली आहेत. २००७ मध्ये अमेरिकेतला प्रसिद्ध फुटबॉलपटू मायकेल व्हिक याच्या व्हर्जिनियातल्या जागेवर छापा पडला आणि झुंजीसाठी ठेवलेले पन्नासच्या आसपास कुत्रे सापडले. तोवर अशा कुत्र्यांना सरसकट मारून टाकत. या वेळी न्यायालयाच्या देखरेखीखाली प्रत्येकाची वेगळी तपासणी झाली. अनेक कुत्रे चिडखोर असण्याऐवजी पराकोटीचे भित्रे निघाले, माणूस आला की जमिनीला सपाट चिकटणारे. त्यांतले २२ कुत्रे युटा राज्यात कॅनब इथल्या बेस्ट फ्रेंड्स संस्थेच्या अभयारण्यात गेले आणि त्यांतल्या कितीतरींना पुढे घरे मिळाली. दुसरे उत्तर अधिक पद्धतशीर आहे. एएसपीसीए या अमेरिकी प्राणिकल्याण संस्थेने २०१३ मध्ये न्यू जर्सीत केवळ अतिभित्र्या कुत्र्यांसाठी पुनर्वसन केंद्र सुरू केले आणि २०१८ मध्ये नॉर्थ कॅरोलिनात वीव्हरव्हिल इथे ते कायमचे झाले. तिथे आलेले कुत्रे बहुतांशी कोंडवाड्यांतून आणि प्राणी साठवून ठेवणाऱ्या घरांतून सोडवलेले होते. केंद्राने ४०० हून अधिक कुत्र्यांवरच्या कामाचा अहवाल प्रसिद्ध केला आहे. त्यांतले दर शंभरी ऐंशीहून अधिक घरी जाण्यायोग्य झाले, साधारण काही महिन्यांच्या उपचारांनंतर. पद्धत तीच, अंतर आणि खाऊ, टप्प्याटप्प्याने, आणि जोडीला माणसात रुळलेला दुसरा कुत्रा. एखादा शांत कुत्रा माणसाकडे आनंदाने जाताना पाहून भित्र्याला जे कळते ते आपल्याला बोलून सांगता येत नाही. ज्या घरात आधीच समजूतदार कुत्रा आहे त्या घरात भित्रे पिल्लू लवकर सावरते, हा अनुभव आपल्याकडेही सार्वत्रिक आहे.

या केंद्रातल्या अनेक कुत्र्यांना औषधेही दिली जात. त्याबद्दल आपल्याकडे उगाच संकोच आहे. फ्लुऑक्सेटिनसारखे औषध भीतीची पातळी खाली आणते आणि शिकणे शक्य करते. त्याचा परिणाम दिसायला चार ते सहा आठवडे लागतात, आणि ते पशुवैद्याच्या सल्ल्यानेच द्यायचे असते. घरातल्या माणसाच्या गोळ्या अर्ध्या करून देणे धोक्याचे. फटाक्यांसाठी सर्रास दिले जाणारे एसप्रोमाझिन एकटे वापरले तर अंग सुस्त होते, भीती मात्र तशीच राहते. कुत्रा हलू शकत नाही आणि ऐकू सगळे येते. डॉक्टरांकडे याबद्दल स्पष्ट विचारावे. त्याच भेटीत दुखण्याची तपासणीही करून घ्यावी. ब्रिटनमधल्या लिंकन विद्यापीठाचे डॅनियल मिल्स आणि सहकाऱ्यांचा अंदाज आहे, की वर्तनासाठी तज्ज्ञांकडे येणाऱ्या प्राण्यांपैकी किमान एक तृतीयांशांना कुठले तरी दुखणे असते. कान, दात, कंबर. पूर्वी माणसांत मिसळणारा कुत्रा मधल्या वयात अचानक बुजू लागला तर आधी हीच शंका घ्यावी.

रस्त्यावरच्या कुत्र्यासाठी इथल्या अनुभवातून आलेल्या काही गोष्टी नोंदवायला हव्यात. परदेशी पुस्तके सांगतात, कुत्र्यासमोर खाली बसा, म्हणजे तुम्ही लहान दिसाल. आपल्या गल्लीतला कुत्रा समोरचा माणूस वाकताना पाहून पळतो, कारण वाकणे म्हणजे दगड उचलणे. म्हणून तो यायच्या आधीच पायरीवर बसलेले असावे. हातात काठी, छत्री, गुंडाळलेले वर्तमानपत्र नसावे. खाऊ वेळेवर, एकाच जागी, एकाच माणसाने द्यावा. घरी आणलेल्या कुत्र्याला पहिले दिवस एकच खोली, एक झाकलेला कोपरा आणि ठरलेले वेळापत्रक द्यावे. त्या कोपऱ्यात हात घालून त्याला कुणीही ओढू नये. बाहेर नेताना गळपट्ट्याबरोबर नीट बसणारा हार्नेसही घालावा, कारण बुजलेला कुत्रा मागे जोर लावून गळपट्ट्यातून मान सोडवतो आणि अनोळखी भागात एकदा पळाला की मालकाच्या हाकेलाही येत नाही. गणपतीच्या ढोलताशांच्या आणि दिवाळीच्या दिवसांत असे हरवलेले कुत्रे दरवर्षी शोधावे लागतात. रेबीजची लस हा तर पहिला नियम, कारण भित्रा कुत्रा चावण्याची शक्यता असते आणि आपण अजून रेबीजच्या देशात राहतो.

मर्यादाही मान्य करायला हव्यात. माणसाच्या सहवासाशिवाय वाढलेला, तीन-चार वर्षांचा, हात लागताच भेदरणारा रस्त्यावरचा कुत्रा चौथ्या मजल्यावरच्या घरात आणणे हा अनेकदा त्याच्यावर उपकार नसतो. नसबंदी आणि लस करून त्याला त्याच्या ओळखीच्या गल्लीत राहू द्यावे. त्याच्या आयुष्यात रोज ठरल्या वेळी येणारे एक माणूस असणे ही त्याच्यासाठी मोठी गोष्ट आहे. पिल्लू असेल, किंवा माणसाकडे पाहून शेपटी थोडी तरी हलवणारा मोठा कुत्रा असेल, तर घराचा विचार जरूर करावा. आणि घरात आल्यावरही त्याने सोसायटीतल्या सर्वांचा लाडका व्हावे ही अपेक्षा ठेवू नये. चार माणसांवर त्याचा भरवसा बसला, पाचव्याला पाहून तो पळण्याऐवजी मालकाच्या मागे उभा राहू लागला आणि जेवू लागला, तर तो बरा झाला असे मी मानेन.

यात सर्वांत मोठा वाटा ज्यांच्या घरी कुत्रा नाही त्यांचा आहे. वॉचमन, लिफ्टमध्ये भेटणारे शेजारी, बागेतली मुले, सामान घेऊन येणारी माणसे यांच्या वागण्यातून कुत्र्याला रोज धडे मिळत असतात. त्यांच्यासाठी विनंती एकच आहे. पट्ट्याला बांधलेला कुत्रा मालकाच्या मागे लपताना दिसला तर ‘मला कुत्रे फार आवडतात’ म्हणत हात पुढे करू नका. थोडे बाजूला व्हा, नजर दुसरीकडे वळवा, मालकाशी दोन शब्द बोला आणि पुढे जा. मुलांनाही हेच शिकवा: आधी मालकाला विचारायचे, मग कुत्र्याला येऊ द्यायचे, तो आला नाही तर तसेच निघून जायचे.